पाण्यात काही टाकायचं नाही

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे बोटीची जॅकिटं धुतली. सोमवारी बोट बंद, म्हणून सोमवारी जॅकिटं. केशरी रंगाची, माणसाला पाण्यावर तरंगत ठेवणारी, आणि आठवडाभराच्या घामानं अशी वास मारणारी की बुडणारा माणूससुद्धा घालायच्या आधी दोनदा विचार करील. साबणाचं पाणी धरणात जाऊ द्यायचं नाही असा बायकोचा हुकूम. म्हणून काठापासून लांब, घमेल्यात रिठे भिजवायचे, मी पायानं तुडवायचं आणि तिनं पिळायचं.

"अवो, भाताचा चिखल न्हाई त्यो," ती म्हणाली. "जरा हळू नाचा."

वाळत घालायला दोरी बांधली ती मास्तरांपासून काकूंपर्यंत. मास्तर म्हणजे आंबा आणि काकू म्हणजे चिंच. हे आधी नीट सांगतो, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही.

डिंभे धरणाच्या पाण्यावर आमच्या गावाची बोट आहे. गावाची म्हणजे बायकांच्या बचत गटाची. पुण्याच्या एका संस्थेनं बोट दिली, गावानं श्रमदानानं धक्का बांधला. आलेल्या पावण्यांना पाण्यातून फिरवायचं, पक्षी दाखवायचे, आणि पाणी, माती, झाडं यांच्याविषयी चार शब्द सांगायचे, असं ठरलं. इंजिन माझ्याकडं, चार शब्द बायकोकडं. चारावर ती कधी थांबली नाही ती गोष्ट वेगळी.

तिचा पहिला नियम, आणि मधला, आणि शेवटचाही, एकच. पाण्यात काही टाकायचं नाही. निर्माल्य नाही, गुटख्याची पुडी नाही, आणि माणसाची राखसुद्धा नाही. कुणी रक्षा घेऊन धक्क्यावर आलं की ती त्याला आडवी जायची. वर, पाणी चढत नाही तिथं, त्याच्याकडून खड्डा खणून घ्यायची, रक्षा त्या खड्ड्यात आणि वर झाड. अशी एक ओळच उभी राहिली होती. आणि झाडाला झाड म्हणेल तर ती कसली! जो माणूस खाली, त्याच्याच नावानं हाक.

"मास्तरांना ताण देऊ नका, कवळी कंबर हाय त्यांची," ती ओरडली. मी दोरी सैल सोडली. जॅकिटं मातीला टेकली. मग त्याच्यासाठी वेगळं ऐकून घेतलं.

शेवटचं जॅकिट टांगून झाल्यावर ती काकूंच्या बुडाशी बसली. "दम लागला जरा. च्या टाका," म्हणाली. मी टाकला. कप घेऊन आलो आणि म्हणालो, "घे." तिनं काही उत्तर दिलं नाही. तिनं उत्तर दिलं नाही, तेव्हाच मी समजलो.

दिवस मावळायच्या आत सगळं उरकलं. पोरगी चाकणहून आली, बायकोचा भाऊ आळेफाट्याहून आला. तिथं त्याचं ट्रकचं गॅरेज आहे आणि दुःखातसुद्धा त्याचा आवाज गॅरेजमधलाच. चिता पेटली आणि तो मला म्हणाला, "दाजी, पावण्यांना सवड न्हाई, उद्या सकाळीच सावडू. आन रक्षा पाण्यात सोडू. आमच्या पाण्याखालच्या गावावर."

"तिचा नियम ठाऊक हाय ना तुला?"

"नियम लोकांसाठी असत्यात. घरच्या माणसाला कसला नियम?"

आमच्या मागं गर्दीत घोडेगावचा एक किराणा दुकानदार उभा होता. त्याला तिनं त्याच्या बापाची रक्षा घेऊन परत फिरवलं होतं. तो कान देऊन ऐकत होता. त्याच्यासारखे आणखी पाचसहा जण होते. बाई आता स्वतः कुठं जाते, ते बघायला आलेले.

तर तिढा असा होता. आणि तो केवढा होता हे कळायला, ती बाई काय चीज होती हे कळलं पाहिजे.

बोटीत चढण्याआधी ती झडती घ्यायची. पोलीससुद्धा लाजतील अशी. वेफर, कुरकुरे, बाकरवडी, बिस्किटं, जे जे पुड्यात असेल ते ते बाहेर. "खायला ना न्हाई. पुडी तेवढी माझी." पुड्या जायच्या धक्क्यावरच्या खिळ्याला टांगलेल्या पोत्यात, आणि आतला सगळा माल एका मोठ्या परातीत. ती परात बोटीच्या मधोमध. सगळ्यांनी एकाच परातीत हात घालायचा. पिंपरीच्या कंपनीतला साहेब, त्याची बायको, नारायणगावचा टोमॅटोचा आडत्या, कुणाची तरी सासू, सगळे एका परातीतून बिस्किटाला लागलेली शेव खायचे. निघताना एकमेकांकडं न बघणारी माणसं परत येईपर्यंत सोयरिकीच्या गोष्टी करायला लागायची. एका साहेबानं आपला बदामाचा डबा लपवला होता. तिला वास आला असावा. "पावणं, एकट्यानं खाल्ल्यावर बदाम डोक्याला लागत न्हाईत," म्हणाली आणि सगळे परातीत पालथे. साहेब बिचारा नंतर शेवेतून बदाम शोधत बसला.

संस्थेनं तिला शिकवायला पुण्याला नेलं होतं. तिथं भिंतीवर चित्रं दाखवली, मोठे मोठे शब्द सांगितले. ती दुपारी जेवली आणि झोपली. परत आल्यावर बोटीत म्हणायची, "ह्या सगळ्याला मिळून पुण्यात एक मोठा शब्द हाय. मी त्यो घरी ठेवलाय, भिजंल म्हणून."

पक्ष्यांच्या बाबतीत तिचा अभ्यास म्हणजे निम्मा चुकीचा आणि सगळा ठाम. पाणकावळा पंख पसरून दगडावर बसलेला दिसला की म्हणायची, "ह्यो माझा भाऊ. काम कायच न्हाई, पर हात बघा कसं पसरलेत." खंड्या म्हणजे तलाठी. बसतो, बसतो, बसतो आणि तुमचं लक्ष नसताना बरोबर पडतो. राखी बगळा म्हणजे शाळा तपासायला आलेला साहेब. आणि जो ओळखता येत नाही तो पावणा. "ह्यो पावणा हाय, थंडीचा आलाय, चार महिन्यांनी जाईल."

एकदा पुण्याचा एक फोटो काढणारा आला होता. गळ्यात कॅमेरा तोफेएवढा. तो भल्या माणसासारखा म्हणाला, "मावशी, हा पाहुणा नाही हो. हा बारा महिने इथंच असतो."

ती म्हणाली, "मग घरजावई."

बोट अशी हसली की हलायला लागली. फोटोवाला तर एवढा हसला की त्याच्या कॅमेऱ्याचं झाकण हातातून सुटून पाण्यात पडलं. आणि तिचं हसू तिथंच बंद. "बोट फिरवा!"

"अगं, एवढंसं झाकण—"

"फिरवा म्हणते ना!"

काळं झाकण, काळं पाणी, वर वारा. मी गोल फिरवायचो, तोपर्यंत लाट झाकणाला पुढं न्यायची. ती नऊवारीवर जॅकिट घातलेली, अर्धी बोटीबाहेर, हातात निर्माल्य काढायची जाळीची काठी. फोटोवाल्यानं तिचं एक पाऊल धरलेलं, आडत्यानं दुसरं. "डावीकडं! अवो, तुमचं डावं न्हाई, माझं डावं!" फोटोवाला रडकुंडीला आला, "मावशी, राहू द्या, मी नवीन घेतो." ती म्हणाली, "तू घेशील. धरणानं ह्याचं काय करायचं?" शेवटी झाकण मिळालं. त्यानं ते खिशात घातलं आणि दिवसभर खिशावर हात ठेवून होता. पुढच्या महिन्यात तो दहा मित्र घेऊन आला. दहाही जणांच्या झाकणांना दोऱ्या बांधलेल्या.

तिचं माहेर म्हणजे जुनं आंबेगाव. ते ह्याच पाण्याखाली आहे. धरण झालं आणि गाव गेलं. लोक वर आले, घरं खाली राहिली. आमची बोट त्या जागेवर पोचायच्या आधी ती हुकूम द्यायची, "चपला काढा, खाली देऊळ हाय." सगळे काढायचे. बूटवाले लेस सोडत बसायचे. आता हे देऊळ कधी डोंगराच्या बाजूला असायचं, कधी पार अलीकडं. जिथं तिला आठवण यायची तिथं ते असायचं. तिच्या माहेरचा एक म्हातारा एकदा बोटीत होता. तो म्हणाला, "बाय, देऊळ तर तिकडं व्हतं."

"इतकी वर्सं पाण्यात काढल्यावर देव काय एका जागी बसून राहील?" ती म्हणाली. म्हाताऱ्यानं मुकाट चपला काढल्या.

आणि तिथं पोचली की डोक्यावरचा पदर ती खांद्यावर सोडायची. माहेरात कुठली बाई डोक्यावर पदर घेते? बोट वळली आणि आमच्या गावाकडं तोंड झालं की पदर परत वर. तिनं हे कधी कुणाला सांगितलं नाही. नेहमी येणाऱ्या लोकांना मात्र कळलं होतं. ते तिचा पदर बघून म्हणायचे, "आलं वाटतं आंबेगाव."

उन्हाळ्यात पाणी आटलं की गावाची जोती उघडी पडतात. मग ती केरसुणी घेऊन निघायची. होय, केरसुणी! चिखल तुडवत आपल्या बापाच्या घराच्या जोत्यावर जायची. भिंती नाहीत, छप्पर नाही, एक दगडी उंबरा आणि चार फरशा. ती सगळा गाळ झाडून काढायची, उंबऱ्यावर पाणी शिंपडायची आणि बसायची. मी म्हणायचो, "येडी का खुळी तू? जुलैत परत गाळ येणार."

"आन तुमच्या घरात रोज केर काढते त्यो परत येत न्हाई व्हय?"

मी पण बसायचो. उंबऱ्यावर नाही, बाहेर. जावयानं सासरी बोलावल्याशिवाय आत जायचं नसतं. ती जराशानं म्हणायची, "या आत." मग मी त्या नसलेल्या घरात जायचो.

आता त्या घोडेगावच्या दुकानदाराचं. बापाची रक्षा घेऊन, दोन जीप भरून माणसं घेऊन तो धक्क्यावर आला. म्हणाला, बोट काढा, मधोमध जाऊन सोडायची आहे. ती धक्क्यावर आडवी उभी राहिली. तो तापला. "मावशे, पाणी काय तुझ्या बापाचं हाय?"

"व्हय," ती म्हणाली. "माझ्या बापाचं घर हाय खाली. तुझ्या बापाला घेऊन जाईन, पर आधी त्याला बोलावणं येऊ दे."

मग तिनं मऊ आवाजात विचारलं, "काय आवडायचं आबांना?"

"तंबाखू," तो म्हणाला.

"मी पाण्यात तंबाखू टाकू दीन का?"

मागच्या माणसांत कुणीतरी फिसकन हसलं. दुकानदारालाही हसू आवरेना, आणि हसता हसता तो रडायला लागला. मग म्हणाला, आबा दुकानामागच्या करंजाखाली दुपारी झोपायचे. झालं. तिनं त्याच्या हातात टिकाव दिला आणि कमरेएवढा खड्डा खणून घेतला. आयुष्यात साखरेच्या पोत्याशिवाय काही न उचललेला माणूस, हाताला फोड आले. करंज लावला. जाताना घाम पुसत तो म्हणाला, "मावशे, तुझी येळ यील तवा बघतो, तुला कुठं टाकत्यात ते."

"बघाया ये," ती म्हणाली. "जेवूनच जा."

म्हणून तो आला होता. आणि म्हणून माझी पंचाईत होती.

मेव्हण्याचं म्हणणं खोटं नव्हतं. स्मशानातून घरी आल्यावर तो ओट्यावर बसून बोलला, तेव्हा आवाज पहिल्यांदा गॅरेजमधला नव्हता. "दाजी, तिथं गेली की ती पदर सोडायची. मी बघितलंय. मग तिचं मन कुठं व्हतं? तिला घरी जाऊ द्या की. मी काय पुडी टाकतोय का पाण्यात? बहीण हाय माझी."

पोरगी म्हणाली, "आप्पा, तुम्ही ठरवा."

मी काही बोललो नाही. मेव्हणा समजला की मी मानलं.

मला तिचं मन काय होतं ते माहीत नाही. लोक मेलेल्या माणसाच्या मनाचं असं सांगतात जसं काही आत बसून आले. मला इंजिन कळतं. मन तिचं होतं, ते ती घेऊन गेली. तिचा शब्द मात्र रोज माझ्या कानात होता, इंजिनाच्या आवाजावर चढून. त्या शब्दाखातर कितीतरी लोकांनी आपली माणसं पाण्यापासून परत फिरवली. आता तिलाच पाण्यात सोडलं, तर त्या सगळ्यांना मी काय तोंड दाखवायचं? उद्या कुणी पोतंभर निर्माल्य घेऊन आला आणि म्हणाला, "तुमची बायको चालती, मग हे का न्हाई," तर मी बोट आडवी लावायची कशाच्या जोरावर?

सकाळी फटफटायच्या आत मी टिकाव-फावडं घेऊन काठावर गेलो. ओळीच्या शेवटी खणायला सुरुवात केली. माझा विचार सरळ होता. खणलेला खड्डा आमच्याकडं रिकामा ठेवत नाहीत. म्हणजे वाद घालत बसण्यापेक्षा आधी खड्डा तयार ठेवावा. खाली मुरूम लागला. टिकाव उडायला लागला, छाती भरून आली, आणि गुडघ्याएवढं झालं तेव्हा वर माणसं आली. सगळं आटपून, गाडग्यात रक्षा घेऊन मेव्हणा पुढं. मागं पावणे, त्यांच्या मागं तो दुकानदार.

"दाजी, सावडायला आला न्हाई तुमी. हे काय चाललंय?"

"खड्डा."

"कशाला?"

"तुझ्या बहिणीला."

त्याचं तोंड लाल झालं. "मी काय बोललो व्हतो काल?"

"बोलला व्हतास. मी ऐकलं. आता तिचं ऐकतोय."

आता हा गाडगं घेऊन पाण्याकडं पळतो का काय, असं मला वाटलं. पळाला असता तर मला धावून धरता आलं नसतं, मी खड्ड्यात होतो. तेवढ्यात मागून दुकानदार पुढं आला. खड्ड्यात वाकून बघितलं. आणि म्हणाला, "हे न्हाई चालायचं."

मी म्हणालो, "का रं?"

"उथळ हाय. माझ्याकडनं कमरेएवढा घेतला व्हता मावशीनं. फोड आलं व्हतं हाताला. घरच्या माणसाला गुडघ्याएवढा चालतो व्हय?"

मेव्हणा गर्रकन वळला. "उथळ? कुणाचा उथळ? माझ्या बहिणीचा खड्डा उथळ?" त्यानं गाडगं पोरीच्या हातात दिलं, सदरा काढून आंब्यावर फेकला, माझ्या हातातला टिकाव हिसकला आणि म्हणाला, "दाजी, वर या तुमी. ए दुकानदार, तुझ्या बापाचा केवढा व्हता? दाखव!"

दुकानदारानं कमरेला हात लावून दाखवलं.

"मग आमचा छातीएवढा!"

आणि लागला खणायला. काय खणला राव! मुरमाच्या ठिकऱ्या उडत होत्या, पावणे मागं सरकत होते. दुकानदार वरून सांगत होता, "त्या कोपऱ्यात राहिलंय." मेव्हणा खालून शिव्या देत होता. एक वेळ अशी आली की दोघंही खड्ड्यात होते, एक खणत होता आणि एक माती वर फेकत होता. पोरगी गाडगं पोटाशी धरून काठावर बसली होती, आणि कालपासून पहिल्यांदा हसली. मलाही हसू आलं. हसू दाबायचा प्रयत्न केला तर ठसका लागला.

खड्डा छातीएवढा झाला. मेव्हण्याच्या छातीएवढा, आणि मेव्हणा उंच आहे. पोरीनं रक्षा आत घातली. मेव्हण्यानं शेवटची एक मूठ हातात घेतली. ती मूठ मिटूनच तो पाण्याकडं बघत उभा राहिला, बराच वेळ. मग तो वळला आणि मूठ खड्ड्यावर उघडली.

माती लोटून झाली तेव्हा दुकानदारानं विचारलं, "झाड कुठाय?"

झाड कुणी आणलंच नव्हतं. एवढी माणसं, सगळी खड्ड्याच्याच नादात. मेव्हणा म्हणाला, "कुठलं लावायचं म्हणाली व्हती?"

"येका आठवड्याला फणस म्हणायची," मी म्हणालो. "दुसऱ्या आठवड्याला काटेसावर. मधी तर आवळा पण म्हणाली व्हती."

"मग?"

"बघू पावसाळ्यात. सगळ्यांना म्हणावं, जेवायला चला."

ते सगळे वर गेले. मी मागं राहिलो. बाभळीच्या फांद्या तोडून आणल्या आणि शेळ्या येऊ नयेत म्हणून त्या मातीच्या ढिगाभोवती नीट काटे लावले. मग खाली जाऊन घागर भरून आणली आणि पाणी घातलं. झाड नव्हतं आत. तरी घातलं.